शनी आठवीत बसतो

...नाही, पण मला एक सांगा, एखाद्या माणसाला भीती वाटली म्हणजे त्याने काय गुन्हा केला? तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नाही. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला की मी मागच्याला पुढे जाऊ देतो, कारण साखर मागायची म्हणजे तोंड उघडायला लागतं... आणि अशा माणसाला साहेबांसमोर उभं करून विचारायचं की बाबा, शनी आठवीत का बसतो? पाय कापणार नाहीत तर काय होणार?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा शनी काय, आठवी काय. मी चंद्रप्रकाश. घाटकोपरला भटवाडीत राहतो आणि तिथेच एका शाळेत प्रयोगशाळेचा शिपाई आहे. शाळा पाचवी ते दहावी. परीक्षानळ्या धुवायच्या, बेडकांच्या बरण्या पुसायच्या, चुंबक मोजून कपाटात ठेवायचे. फार छान काम आहे हो, कोणाशी बोलायला लागत नाही. बेडूक तर काही विचारत नाहीत.

पण यंदा ऑगस्टमध्ये, म्हणजे एक्क्याऐंशीच्या, ते यान शनीजवळून गेलं ना, पेपरात फोटो आले, आणि आमच्या अनुपमाबाईंच्या अंगात आलं. विज्ञानाच्या बाई. शाळेत सावंतबाई तीन आहेत म्हणून सगळे त्यांना नावाने ओळखतात. बाईंनी काय केलं, शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी एक तास ग्रहांचा सुरू केला. कोणी सांगितलं नव्हतं. पोरं येऊन बसायला लागली, दुसऱ्या वर्गातली पण खिडकीला लटकायला लागली, आणि मी... मी दारात उभा राहायचो. हातात फडकं घेऊन. एकच काच तासभर पुसायचो, जेणेकरून कोणी म्हणू नये की हा ऐकतो आहे.

ग्रह मीच बनवले. म्हणजे बाईंनी सांगितलं तसे. पृथ्वी प्लास्टिकच्या चेंडूची, निळा रंग मारून. मंगळ मातीचा, त्यात लोखंडाचा कीस कालवून, कारण बाई म्हणाल्या की मंगळ लाल आहे तो गंजामुळे. शनी म्हणजे मोठा प्लास्टिकचा चेंडू, आणि त्याची कडी माझ्या मित्राने, खंडूने, साकीनाक्याला त्याच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापून दिली. खंडूने विचारलं, कसला वॉशर आहे रे एवढा मोठा? मी म्हटलं, शनीचा. दोन दिवस तो माझ्याशी जपून बोलत होता.

तर सगळं झकास चाललं होतं, आणि मग तपासणीचं पत्र आलं. शिक्षण खात्याचे साहेब येणार. हेडसरांनी बाईंना बोलावलं, मी पाण्याचा ग्लास घेऊन आत होतो म्हणून ऐकलं. हेडसर वाईट माणूस नाहीत हो, पण तपासणीचं पत्र आलं की त्यांचा डावा डोळा उडतो. ते म्हणाले, तास चांगला आहे, मुलं खूश आहेत, पालक खूश आहेत, "पण बसतं कुठे?" म्हणजे अभ्यासक्रमात. कुठल्या इयत्तेत, कुठल्या घटकात, कुठल्या उद्दिष्टाखाली. साहेबांनी विचारलं की हे बसतं कुठे, तर मी काय सांगू, आकाशात? शनिवारपर्यंत प्रत्येक ग्रह कुठे बसतो त्याचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे, आणि एक जरी ग्रह बसला नाही तरी तास बंद, आणि हे सगळे गोळे भंगारात. माझ्याकडे बघून म्हणाले, "चंद्रप्रकाश, देवनारची गाडी मंगळवारी येते ना रे?"

देवनार! तुम्ही बघितला आहे ना तिथला कचऱ्याचा डोंगर? मला डोळ्यांसमोर दिसलं, शनी तिथे कडीसकट आडवा पडला आहे आणि वर घारी फिरत आहेत.

त्या दिवसापासून मला ते एकच ऐकू यायला लागलं, पण बसतं कुठे. आईने ताटात आंबोळी वाढली, माझ्या मनात, ही बसते कुठे? न्हाव्याकडे खुर्चीत बसलो, तो म्हणाला नीट बसा, मी म्हटलं कुठल्या घटकात...

पृथ्वी भूगोलात आधीच बसलेली होती, आणि आम्ही बनवलेले बाकीचे चारही ग्रह बाईंनी मात्र दोन दिवसांत बसवले. शुक्र पाचवीत, कारण तिथे उष्णतेचा पाठ. गुरू सहावीत, वारे आणि वादळं. मंगळ सातवीत, लोखंड आणि गंज. शनी आठवीत, तरंगणे आणि बुडणे. कारण काय, तर शनी एवढा मोठा असून पाण्यापेक्षा हलका आहे, तेवढी मोठी बादली मिळाली तर तो तरंगेल. हे ऐकलं त्या दिवशी माझी काच पुसायची राहिली. कारण मी स्वतः आठवीत होतो तेव्हा वडील गेले आणि शाळा सुटली, आणि मला आठवतं, पुस्तकात पुढचा पाठ तोच होता, तरंगणे आणि बुडणे. चित्र बघितलं होतं, बोटीचं. पाठ झालाच नाही. लोखंडाची बोट का तरंगते हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, आणि विचारायचं तर तोंड उघडायला लागतं.

तर बाई म्हणाल्या, तुझं अक्षर चांगलं आहे, घरी नेऊन तक्ता तूच कर. आणि खाली तुझं नाव घाल, काम तुझं पण आहे. मी नको नको म्हणत होतो. पण घातलं. वाट लागली ती तिथे.

आता बघा, तक्ता कसा होता. डावीकडे ग्रह, मध्ये आकडा, उजवीकडे घटक. वर मथळा लाल शाईने करायचा होता, तो शेवटी करू म्हणून ठेवला. म्हणजे कागदावर काय? शुक्र पाच, गुरू सहा, मंगळ सात, शनी आठ, आणि खाली ठळक अक्षरात, चंद्रप्रकाश. शाई वाळायला मी तो ट्रंकेवर पसरला आणि पाणी आलं म्हणून खाली नळावर गेलो.

आई आमची मालवणची. तिने बघितलं, मुलाचं नाव, त्याच्यावर ग्रह, ग्रहांपुढे आकडे. शेजारचे गुणाजीकाका पंचांग बघतात, गिरणीतून निवृत्त झाल्यापासून चाळीतली अर्धी लग्नं त्यांनी जमवली आणि उरलेली अर्धी मोडली. त्यांना आणलं. मी बादल्या घेऊन वर आलो तर काका चष्मा कपाळावर ढकलून आईला विचारत होते, "वनमाला, ह्यो माणूस अजून जितो कसो?"

मंगळ सातव्यात, लग्नाच्या घरात. म्हणजे मंगळी. पुढे लिहिलेलं लोखंड आणि गंज, काका म्हणाले बायको कशी मिळणार ते सुद्धा आलं. शुक्राला उष्णता, त्यावर काकांनी आईकडे बघून नुसता घसा खाकरला. पण शनी... शनी आठव्यात, आणि पुढे काय लिहिलेलं? बुडणे! आठवं म्हणजे मृत्यूचं घर, आणि वर लेखी, बुडून. आईने माझ्या हातातल्या दोन्ही बादल्या काढून घेतल्या आणि मला भिंतीशी बसवलं. पाण्यापासून लांब.

मी सांगितलं ना! तीनदा सांगितलं, अगं ही इयत्ता आहे, हा शाळेचा तक्ता आहे. पण माझा आवाज तुम्हाला माहीत नाही, चाळीत नळ चालू असताना तो कोणाला ऐकू येतो? आईला वाटलं, मी तिला धीर द्यायला खोटं बोलतो आहे. एवढंच म्हणाली, "माका आधी सांगूक काय झाला होता?" आणि डोळ्याला पदर लावला. काका मात्र म्हणाले, घाबरू नका, यावर उपाय आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार, तपासणी. सकाळी उठलो तर तक्ता गुंडाळी करून, वर लाल दोरा बांधून, तयार. मला वाटलं, वा, आई समजली. उघडून बघितला नाही. उशीर झाला होता, कारण आईने मला अंघोळीला तांब्याभरच पाणी दिलं होतं आणि मी सगळं अंग त्यात भिजवत बसलो होतो.

प्रयोगशाळेत साहेब आले. उंच, शांत माणूस, बुटांचा आवाज नाही. असली माणसं जास्त भीतीदायक, ओरडणारा परवडला. बाईंनी ग्रह दाखवले, साहेबांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, चांगलं आहे, "पण बसतं कुठे?" हेडसरांचा डोळा उडायला लागला. बाईंनी मला खूण केली. मी दोरा सोडला, तक्ता उलगडला, आणि त्यातून अक्षता पडल्या. हळदीकुंकवाच्या. साहेबांच्या बुटावर.

साहेब चष्मा लावून वाचायला लागले. शुक्र पाचवी. गुरू सहावी. आणि मग मला दिसलं हो, दोन आकड्यांवर भाताच्या खळीने कागदाच्या चिकट्या लावलेल्या, आणि त्यावर काकांचं गिरणीतल्या पावतीसारखं अक्षर. मंगळ तीन. शनी अकरा. तिसऱ्यातला मंगळ चांगला असतो म्हणे, आणि अकराव्यातला शनी तर राजयोगच.

साहेब म्हणाले, मंगळ तिसरीत? तुमच्याकडे तिसरी नाही. आणि शनी अकरावीत, म्हणजे ज्युनियर कॉलेजात. हे दोन्ही ग्रह तुमच्या शाळेत बसतच नाहीत. हेडसर लगेच म्हणाले की मी हेच म्हणत होतो. आणि बाई... बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. हातातली कांडी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली, जसं दुकान बंद करताना ठेवतात.

मला कळलंच नाही तोंड कसं उघडलं. मी म्हटलं, "साहेब, शनी आईने हलवला."

साहेब म्हणाले, काय हलवलं?

मग मी सगळं सांगितलं, बादल्या, पत्रिका, काका, सगळं. आवाज इतका बारीक होता की साहेब वाकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी नखाने चिकटी काढली, खालचा आठ बघितला आणि विचारलं, शनी आठवीत का? बाई उत्तर द्यायला पुढे झाल्या तर त्यांनी हात वर केला. "यांना सांगू दे."

माझे पाय म्हणजे काय सांगू, स्टुलाला धरून उभा होतो तर स्टूलसुद्धा कापत होतं. बोलता येईना म्हणून मी कोपऱ्यातली पाण्याची बादली ओढली आणि शनी त्यात सोडला. तरंगला. जरा तिरका, कडी एका बाजूने वर, पण तरंगला. मग मंगळ सोडला. तो गेला तळाला, बुडबुडे काढत. साहेबांना गंमत वाटली असावी, त्यांनी स्वतः हात पुढे केला आणि पृथ्वी उचलली.

मला माहीत होतं ना काय होणार ते. मी म्हटलं, "साहेब, पृथ्वी नको."

का नको?

"ती तरंगेल साहेब. ती खोटी आहे, प्लास्टिकची आहे. शनी पण प्लास्टिकचाच आहे, पण खरा शनीसुद्धा तरंगला असता, म्हणून त्याचं तरंगणं चालतं. खरी पृथ्वी बुडाली असती. ही तरंगली तर पोरं चुकीचं शिकतील."

साहेब पृथ्वी हातात घेऊन तसेच उभे. इतका वेळ की बादलीतला शनी एक फेरी मारून परत आला. मग त्यांनी विचारलं, शिक्षण किती? मी म्हटलं, आठवी. आठवीसुद्धा पूर्ण नाही साहेब, हा पाठ यायच्या आधी सुटली. त्यांनी पृथ्वी जागेवर ठेवली, बूट झटकला, आणि हेडसरांकडे शेरेबुक मागितलं.

शेरा असा, मला पाठ आहे: शनी आठवीतच बसवावा. मंगळ सातवीत परत घ्यावा. तास चालू ठेवावा. पृथ्वी मातीची करावी. आणि शेवटची ओळ... तरंगणे व बुडणे या घटकाचे प्रात्यक्षिक दर शनिवारी आठवीच्या वर्गासमोर श्री. चंद्रप्रकाश यांनीच दाखवावे. खाली सही. सहीवर गोल शिक्का.

बाई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसायला लागलं. मी पण हसलो असतो, पण मला ती शेवटची ओळ परत परत दिसत होती. साठ पोरं. समोर. दर शनिवारी.

हेडसरांनी शेऱ्याची नक्कल मला दिली. घरी आईला दाखवली, वाटलं आता तरी पटेल. साहेबांचं अक्षर तिला लागेना म्हणून तिने पहिली ओळ काकांकडून वाचून घेतली, मग शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि मटकन खाली बसली. म्हणाली, "सरकारानच शनीक आठव्यात बसवल्यान, आता दाद मागूची खंय?"

आता असं आहे, शनिवारी सकाळी आई मला आधी मारुतीला तेल घालायला पाठवते. तिथून तेलकट हातांनी मी शाळेत येतो, शनीची कडी पुसतो, बादली भरतो आणि आठवीच्या दारात उभा राहतो, आणि तुम्हाला सांगतो, दर वेळी पाय तसेच कापतात, तेवढेच, त्यात काडीचा फरक नाही. काका धीर देतात, म्हणतात साडेसाती असली तरी साडेसात वर्षांनी सुटते.

शनीचं सुटेल हो. माझी आठवी कधी सुटणार, ते विचारा.