तुळईची वाळवी

नाव बनुबाई भ्र. आकाराम साळुंखे, वय अंदाजे पन्नास, धंदा शेती, राहणार मौजे बेलवंडेवाडी, तालुका पाटण, जिल्हा सातारा. सन १९४५.

समक्ष विचारल्यावरून तोंडी सांगते की, माझा नवरा मयत आहे. मला मूलबाळ नाही. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. आवं, गरज कशी न्हाई? सगळं गाव त्याच्यावरच बोलतंय. लिहा.

आमच्या घराचे दोन वाटे झाले आहेत. मधली भिंत सामाईक असून तिच्यावरची आंब्याच्या लाकडाची तुळई दोन्हीकडे गेलेली आहे. पलीकडे धाकटे दीर गुंडा राहतात. त्यांच्या बाजूला तुळईला पाळणा टांगलेला आहे. त्यात त्यांचा नातू सिद्धू निजतो. सिद्धूचा बाप जोतीराम पलटणीत असून त्याने अद्याप पोराचं तोंड पाहिलेलं नाही. सुनेचं बाळंतपण मी केलं.

उन्हाळ्यात माझ्या बाजूला तुळईवर मातीच्या नळ्या दिसल्या. लाकूड वाजवलं तर पोकळ. सुरी टोचली ती मुठीपर्यंत आत गेली. आत सगळी वाळवी, वरून मात्र तुळई धडधाकट दिसते. मी दिरांना सांगितलं, पाळणा दुसरीकडे बांधा. ते म्हणाले, "वयनी, आज्याच्या येळची तुळई हाय. तुमचं आपलं कायतरीच." हसले वर.

माझ्या माहेरी उसाच्या बेण्याला वाळवी लागली की रुईचा पाला मडक्यात कुजवून ते पाणी सरीत सोडतात, आणि लाकडाला बिब्ब्याचं तेल चोपडतात. मी तेच करणार होते. पाणी भिंतीच्या बुडाला, तेल तुळईला. अमावस्येला औत जुंपत नाहीत, घरी हात मोकळा असतो, म्हणून तो दिवस धरला. दुसरं कारण नाही. हे मी पंचांना ओरडून सांगितलं, कुणी कान दिला नाही.

सदर दिवशी सकाळी सोप्यात मडकी मांडून बसले असता गुंडा दिरांची बायको, माझी जाऊ राहीबाई आली. सिद्धूला आदल्या दिवसापासून ताप होता. तिने रुई पाहिली, बिब्बे पाहिले आणि "वांझोटीनं करणी मांडली गं बाई!" असं ओरडून मडक्यांवर लाकूड घातलं. तेलाचं बुडकुलं तर हाताने उचलून आपटलं. मी म्हणाले, "अगं, हात नगं लावू." तिला वाटलं, मी मंत्र म्हणते. बिब्बा कुणालाही उततो. तिचा हात कोपरापर्यंत उतला, टरारून सुजला. आता तोच हात ती चावडीवर दाखवत हिंडते, की ही बघा करणी. उतल्यावर लावायला मी खोबरं वाटून पाठवलं, तर ते माझ्याच दारात फेकलं. काय बोलायचं हिला? डोकं फिरायची येळ आलीया माजी!

करणीबाबत विचारता, धादांत खोटं आहे. पोराचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, हे मला सून विजयमालाने परसात हळूच सांगितलं. मडकी फोडली म्हणून ताप उतरला, असं गावात झालं आहे. त्या घरात पाय टाकायची मला बंदी आहे.

मडक्यांची भरपाई मागत नाही. राहीबाईवर माझी तक्रार नाही. आता औषधाने भागायचं राहिलेलं नाही, तुळईच बदलावी लागेल. पलीकडे पाळण्याला झोका दिला की अलीकडे माझ्या ताटात माती पडते. ती पडली की मी जेवण सोडून वर बघत बसते. दिरांना सांगितलं, पोलीस पाटलांना सांगितलं. हवालदारसाहेबांनाही आत्ता हे दोनदा सांगितलं, ते म्हणाले, करणीपुरतंच बोला.

जबाब वाचून ऐकवला. मी बोलले तसाच उतरला आहे, फक्त एक वाक्य माझ्या सांगण्यावरून खाली वाढवलं आहे. त्यासह बरोबर म्हणून अंगठा देते.

त्या तुळईवर बनुबाईनं करणी केली हाय, असं लिवा, म्हंजी तरी पाळणा तितनं सोडतील.

(डाव्या हाताचा अंगठा)