लोखंडरावाचा डावा गाल

(भिलाई, सेक्टर दोनमधलं क्वार्टर, १९६२. अंजनाबाईचा नवरा दौलतराव उद्या दवाखान्यातून घरी यायचा आहे. शेजारचा नत्थू पत्रेकाम करणारा. त्याच्या हातात अंजनाबाईच्या पोरीचं, विजीचं, टिनाचं खेळणं आहे: लोखंडराव, म्हणजे दौलतरावाच्या गोष्टींतला यंत्राचा माणूस.)

अंजनाबाई : अजून ठोका, नत्थूभाऊ. डावा गाल पुरा आत जाऊ द्या.

नत्थू : टिन फाटन ना, वहिनी! किती मेहनतीनं केला होता म्या हा चेहरा. वायसरचे डोळे, हसरं तोंड. दौलतभाऊनंच कागदावर काढून देल्लं होतं.

अंजनाबाई : मालूम आहे मले. आता डावा डोळा खाली घ्या. तोंडबी तिकडंच ओढा.

नत्थू : अन् कान?

अंजनाबाई : डावा काढूनच टाका.

नत्थू : वहिनी... हे त दौलतभाऊच झाले.

अंजनाबाई : तेच पाह्यजे मले. पाच वर्षाचं लेकरू. उद्या बापाले पाहून किंचाळलं, त ते जितेपणी मरून जातीन. दोन महिन्यांपासून एकच पुसून राहिले, 'विजी भेईन का?' आज याच्यासंग खेळली, त सवय होईन.

नत्थू : सिधं सांगून द्या ना तिले.

अंजनाबाई : काय सांगू? स्टो पेटवा म्हणून मीच म्हटलं?

नत्थू : भडका उडाला, त्यात तुमची काय गलती? भाऊ म्हणते का काही?

अंजनाबाई : काहीच नाही म्हणत. म्हणूनच जीव खालीवर होते. दवाखान्यात मी डबा उघडते, भात वाढते, अन् भिंतीकडं तोंड करून बोलते. पट्टी निघाली तवापासून एक डाव नाही पाह्यलं मी त्यायच्याकडं.

नत्थू : मंग भेव पोरीचं नाही, वहिनी.

विजी : काका! झाला का माया लोखंडराव?

अंजनाबाई : थांब बेटा, अजून...

विजी : अगं माय! याचा गाल कायनं बसला?

नत्थू : भट्टीपाशी काम करे ना तो. भाजला.

विजी : बाबासारखा?

अंजनाबाई : तुले कोणं सांगितलं वं?

विजी : शकुमावशीनं, तू डबा घेऊन जाते तवा. कवाच सांगितलं. काका, दुखते का याले?

नत्थू : आता नाही दुखत.

विजी : तरी याले उजव्या अंगावर झोपवीन मी. डोळा खाली आला, पण दिसते त्याले. हो ना, आई? आई, इकडं पाह्य ना. तो तुयाकडंच पाहून राहिला.