वाऱ्यानं नेली, साहेब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ग्लेन फियाक इस्टेटीचे मालक माननीय श्री. जाइल्स पेनफोर्ड, लंडनहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे श्री. क्विंटन ओरम, आपल्या चर्चचे रेव्हरंड फिनली मॅक्सवीन, पाहुण्यांना हरणाच्या शिकारीला नेण्याच्या कामातून आज निवृत्त होणारा सत्कारमूर्ती मर्डो मॅथिसन, त्याची पत्नी पेगी, आणि पावसात भिजून आलेल्या माझ्या सगळ्या गाववाल्यांनो,

मला बोलायला उभं केलं यात माझा काही मोठेपणा नाही. मागच्या निरोपाला रेव्हरंड बोलले, तेव्हा मागे चहाचं पाणी आटून किटली करपली. म्हणून समितीनं यंदा ठरवलं की डोलिनाला उभी करा, तिला कामं असतात, ती लवकर खाली बसेल. रेव्हरंड, तुम्हीही हसताय, बरं वाटलं.

पाहुण्यांसाठी माझी ओळख सांगते. मी डोलिना मॅकअस्किल. या डोंगरावर मारलेलं प्रत्येक हरीण खाली येतं ते माझ्या थंड खोलीत. कातडं मी काढते, वजन मी करते, आणि गोळी कुठून शिरली ते सगळ्यांत आधी मी बघते. तुम्ही सगळे मर्डोला त्याच्या तोंडावरून ओळखता, मी त्याला त्याच्या कामावरून ओळखते. आणि तोंडाबद्दल तर पेगीसुद्धा फारसं चांगलं बोलत नाही.

मर्डोबरोबर गेलेल्या पाहुण्याचं हरीण कसं असायचं? खांद्यामागे एक भोक, बस्स. जनावराच्या तोंडात गवताचा घास तसाच असायचा, चावायचा राहिलेला. आपण मेलो हे त्याला कळलेलंच नसायचं. मंडळी, मारायचं तर आपल्याला आहेच. स्कॉटलंडच्या या डोंगरात लांडगा उरला नाही, हरणं वाढतात, रोपं खाऊन टाकतात आणि हिवाळ्यात भुकेनं मरतात. तेव्हा मारण्याबद्दल मला कुणी भूतदया शिकवू नये. पण मारणं वेगळं आणि नासवणं वेगळं. हा फरक मर्डोनं आयुष्यभर पाळला, आणि आज त्याचा सत्कार होतोय तो याचसाठी होतोय असं मी समजते. पत्रिकेत काही छापलेलं असो.

आता थोडं फळीबद्दल. ओढ्यापलीकडे हरणाच्या आकाराची लाकडी फळी उभी आहे, ती मर्डोच्या वडिलांनी उभी केली. डोंगरावर जाण्याआधी पाहुण्यानं त्या फळीवर तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही एका तळहाताखाली झाकल्या गेल्या तर चला डोंगरावर. नाही गेल्या तर परत सराव. टेबलावर कोपरं टेकून नेम कुणाचाही लागतो हो! मर्डो पाहुण्याला आधी समोरचा चढ पळत चढायला लावायचा, मग ओल्या चिखलात पालथं झोपवायचा, छाती धपापतेय, मानेवर चिलटं चावतायत, आणि मग म्हणायचा, ‘‘हां, आता मारा. डोंगर काही टेबल देत नाही.’’

पाहुण्याला आपण ‘रायफल’ म्हणतो, हे नव्या लोकांना विचित्र वाटतं. माझी आई सकाळी स्वयंपाकघरात ओरडायची, ‘‘आज दोन रायफली जेवायला आहेत, त्यातली एक मासे खात नाही!’’ आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. बंदूक महत्त्वाची, तिच्यामागचा माणूस येतो-जातो.

पण माणूस हा शेवटी माणूस असतो. श्रीमंत असतो, लांबून आलेला असतो, बायकोसमोर उभा असतो. त्याला तोंडावर ‘तुम्हाला जमत नाही’ कसं म्हणायचं? आपण डोंगरातली माणसं फार सभ्य. म्हणून मर्डोच्या वडिलांनी एक वाक्य काढलं. गोळी फळीबाहेर गेली की म्हणायचं, ‘‘वाऱ्यानं नेली, साहेब.’’ इथल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ ठाऊक आहे. अर्थ असा, की तुम्ही आज डोंगरावर जात नाही.

एक कर्नल यायचे, रेव्हरंडना आठवत असतील. त्यांची पहिली गोळी फळीच्या चांगली हातभर बाहेर गेली. मर्डो शांतपणे म्हणाला, ‘‘वाऱ्यानं नेली, साहेब.’’ कर्नलनी मान वर केली. पेगीच्या चुलीचा धूर खांबासारखा सरळ वर चालला होता.

‘‘कुठला वारा रे?’’

‘‘इथलाच, साहेब. तो फक्त फळीपाशी असतो.’’

कर्नल इतके हसले की त्यांची टोपी ओढ्यात पडली. ते दिवसभर तिथंच पालथे पडून सराव करत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गोळीत नर पाडला. तो मी सोलला. तोंडात घास होता.

अध्यक्षमहोदय घड्याळ बघतायत. महोदय, मी मुद्द्याशीच आहे.

थोड्या वेळापूर्वी अध्यक्षांनी अतिशय सुंदर भाषण केलं. मर्डोला हे पितळी वायुभारमापक भेट दिलं आणि विनोदानं म्हणाले, की आता काटा बघायला चष्मा लागेल. लोक हसले. मर्डोचे डोळे गेले, त्यानं बंदुकीची दुर्बीण नीट लावली नाही, म्हणून गेल्या महिन्यात आपल्या पाहुण्यांची गोळी चुकली, अशी एक बातमी गावात फिरतेय. ती कुणी सोडली ते मी विचारत नाही, मी सभ्य आहे. दुसरं, अध्यक्षांनी जाहीर केलं की फळीवरची चाचणी यापुढे ‘ऐच्छिक’ राहील, कारण पाहुण्यांना ती अपमानास्पद वाटते. आणि तिसरं, उद्या सकाळी श्री. ओरम पुन्हा डोंगरावर जाणार आहेत, मर्डोच्या जागी आलेल्या मोर्व्हनबरोबर. ती तिथं दाराशी उभी आहे. मर्डोच्या हाताखालीच ती तयार झाली.

तर मंडळी, गेल्या महिन्यात काय झालं?

मी थंड खोलीच्या दारात चाकूला धार लावत होते, तिथून फळी दिसते. श्री. ओरम यांची पहिली गोळी फळीबाहेर गेली. मर्डो म्हणाला, ‘‘वाऱ्यानं नेली, साहेब.’’ दुसरी गेली. ‘‘वाऱ्यानं नेली, साहेब.’’ तिसरी फळीच्या शेपटाला लागली. अध्यक्षमहोदय शेजारीच होते. दहा हिवाळे ते इथं काढतायत, वाक्याचा अर्थ त्यांना पक्का माहीत आहे. ते हसून पाहुण्यांना म्हणाले, ‘‘बघ, वाराच आहे नुसता. चल, उशीर होतोय.’’

मर्डोनं बंदूक पेटीत ठेवली. ‘‘आज नको, मालक.’’

‘‘मर्डो, पाहुणे परवा परत जाणार आहेत.’’

‘‘मग परवापर्यंत सराव करू द्या त्यांना. मी झोपतो शेजारी चिखलात.’’

‘‘तू राहा इथं. मी नेतो त्यांना.’’

आणि नेलं. वर नर मिळाला, अगदी आडवा उभा, पोरानंही पाडावा असा. आणि श्री. ओरम यांनी काय केलं असेल? ते दुपारी खाली आले तेव्हा सूप पिता पिता त्यांनी स्वतः सांगितलं, मी तिथं होते. ‘‘मी वाऱ्याचा हिशेब धरला होता,’’ म्हणाले. सकाळी इथला जाणता माणूस सांगतोय की वारा गोळी नेतो, तेव्हा ते मुद्दाम खांद्याच्या मागे, पोटाच्या बाजूला नेम धरून बसले. वारा नव्हता, साहेब. पेगीचा धूर त्याही दिवशी सरळ होता. गोळी बरोबर तिथंच गेली जिथं तुम्ही धरली होती, पोटात.

तुम्ही अध्यक्षांकडे काय बघताय, श्री. ओरम? मोठ्यानं विचारा. काय? ‘मला कुणी सांगितलं का नाही?’ हाच प्रश्न मी महिनाभर विचारतेय.

नर पळाला. हे दोघं थोडं शोधून जेवायला खाली आले. सूप गरम होतं. मर्डोनं ऐकलं, पानावरून उठला, कुत्रं घेतलं आणि वर गेला. रात्र पडली, तो आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तो नर वरच्या ओढ्यात सापडला. थंड पाण्यात पोट बुडवून उभा होता. का, ते मी सांगायला हवं का? आग होत असते आत. मर्डोनं पलीकडच्या काठावरून, पावसाच्या भुरभुरीत, एका गोळीत त्याला सोडवलं.

मग तो नर माझ्याकडे आला. चहाच्या आधी हे सांगतेय, माफ करा, पण मला ते रोज दिसतं. मी पोट उघडलं तर हिरवा चोथा सगळ्या मांसात पसरलेला, मांस काळंनिळं, सडायला लागलेलं, आणि तेही जनावर जिवंत असताना. मी जन्मभर या रक्तामांसात काम केलंय, मला कधी घाण वाटली नाही. त्या दिवशी मी बाहेर जाऊन ओकले. किलोभर मांससुद्धा माणसाच्या पोटात गेलं नाही, सगळं पुरावं लागलं. शिंगं मात्र मालकांच्या घरी मागवली गेली. ती उकळून, घासून, पाटीवर बसवून, खाली पितळेच्या पट्टीवर पाहुण्यांचं नाव कोरून आज इथं व्यासपीठाच्या मागे टांगली आहेत. तुम्ही सगळे मघाशी त्यांच्याखाली फोटो काढत होतात. शी! मला किळस येते, स्पष्ट सांगते. त्या शिंगांची नाही, ती बिचारी सुंदर आहेत.

ते कातडं मी पुरलं नाही. त्याला दोन भोकं आहेत. एक पोटात आहे, ते ज्यांचे डोळे तरणे आहेत त्यांचं. दुसरं खांद्यामागे, नाण्याएवढ्या जागेत, ते ज्याचे डोळे गेले म्हणतात त्याचं. ज्याला कुणाला दृष्टीची चर्चा करायची असेल त्यानं उद्या माझ्याकडे यावं, मी दाखवते. नाकाला रुमाल आणा.

बस म्हणतोयस, मर्डो? नाही बसणार. तुझा सत्कार आहे, तू गप्प बस. आणि तुलाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. तुझ्या बापाचं ते वाक्य गोड होतं, कर्नलना कळलं, चार जणांना कळलं, आपण हसलो. पण ज्याला कळलं नाही त्याच्या हातात आपण भरलेली बंदूक आणि एक खोटा वारा दिला. अध्यक्षांनी जाणूनबुजून त्याचा फायदा घेतला, ते त्यांचं त्यांना लखलाभ. पण खोटं तर आपलंच होतं ना? आपल्या या सभ्यपणाचीही मला किळस यायला लागली आहे. मालक रागावतील, पाहुणा दुखावेल, घर इस्टेटीचं आहे, चूल इस्टेटीची आहे, म्हणून आपण दोष वाऱ्यावर घालतो. त्याची किंमत ओढ्यात उभं राहून कोण देतं?

मोर्व्हन, पुढे ये. अशी दाराआड उभी राहू नकोस. उद्यापासून हा डोंगर तुझा. तुझंही घर इस्टेटीचं आहे हे मला माहीत आहे, आणि सगळ्यांसमोर विचारणं बरं दिसत नाही हेही कळतं. तरी विचारते. उद्या सकाळी ऐच्छिक असो नाहीतर काही असो, तू साहेबांना फळीपुढे पालथं घालणार का?

घालणार. बरं. आणि गोळी बाहेर गेली तर काय म्हणशील?

मागे ऐकू गेलं नाही, मुली. तुझा आवाज डोंगरावर चांगला निघतो की!

‘‘नेम चुकला, साहेब. आज डोंगर नाही.’’

ऐकलंत ना सगळ्यांनी? टाळ्या नंतर. श्री. ओरम मान हलवतायत, त्यांचे आभार, शिकायचं असेल तर चिखल भरपूर आहे. अध्यक्षांनी मान डोलावली की फिरवली ते मला इथून नीट दिसलं नाही. मर्डो, तुला दिसलं असेल.

असो. समितीनं मला बोलायची संधी दिली, पेगीनं आणि बायकांनी खपून मनुका घातलेलं गोड डंपलिंग उकडलं, पावसातून तुम्ही आलात, अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, या सगळ्यांची मी ऋणी आहे. मर्डो, सुखात राहा, गुडघे सांभाळ. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, एखादा शब्द कुणाला लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. शब्द लागलेला माणूस चहा पिऊन आपल्या पायांनी घरी जातो.

चहा तयार आहे.