झेंडूतून गुलाबात

मला एक सांगा, पोरगी वर्गात पहिली आली तर तिला पुढं पाठवतात, का तिथंच खिळा मारून बसवतात? नाही, तुम्ही सांगाच! कारण आमच्या विजयमालेनं हा प्रश्न अख्ख्या शाळेला विचारून झाला. मॅडमला विचारला, सरांना विचारला, हेडसरांना तर दारातून विचारला, खिडकीतून विचारला, एकदा ते गाडीला किक मारत होते तेव्हा हँडल धरून विचारला... आणि उत्तर काय? सगळ्यांचं एकच! "हुशार आहे, म्हणून तर!"

म्हणून तर काय? पुढं बोला की! पण नाही, एवढं बोलायचं आणि असं हसायचं, जणू विजयमालेच्या पदरात पेढेच टाकलेत.

आता विजयमाला म्हणजे काही भांडकुदळ बाई नव्हे. कोल्हारच्या अलीकडं कालव्याच्या कडेला तिची वस्ती, नवरा गोरक्ष दुधाच्या टेम्पोवर, गोठ्यात चार गाया, आणि एकुलती एक पोरगी ज्ञानेश्वरी, सहावीत. विजयमालेच्या तोंडात शिवी बसत नाही, फारच झालं तर "मुडदा बशिवला" म्हणते, तेसुद्धा गाईनं लाथ मारली तर. अशा बाईला तुम्ही शाळेच्या पायरीवर उभं राहून कडाकडा बोटं मोडायला लावलीत, तर चूक कुणाची? तिची का बोटांची?

झालं काय, शाळेत इंग्रजीची नवी टूम निघाली. पाचवी ते आठवीच्या पोरांचे इंग्रजीपुरते दोन गट पाडायचे. कच्चे आणि पक्के. पण कच्चं म्हटलं तर पोरांना वाईट वाटेल, म्हणून फुलांची नावं दिली. कच्चा तो झेंडू आणि पक्का तो गुलाब. वा रे वा! जणू कुणाला कळणारच नव्हतं! अहो, पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानातसुद्धा लोक विचारायला लागले, "तुमचं काय, झेंडू व्हय? असू द्या, असू द्या, दसऱ्याला भाव येतो त्याला."

आणि ज्ञानेश्वरी झेंडूत गेलीच कशी, ते ऐका. पाचवीला परीक्षा घेतली, तोंडी. एक चित्र पुढं धरलं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय. निकिता मॅडमनी विचारलं, "व्हॉट इज धिस?" पोरगी लगेच म्हणाली, "एच.एफ." आता आपल्याकडं त्या विलायती जातीच्या गाईला एच.एफ.च म्हणतात की नाही? शेंबडं पोर म्हणतं! डेअरीवर म्हणतात, बाजारात म्हणतात! मॅडम म्हणाल्या, "चूक. काऊ." पोरगी म्हणाली, "काऊ तर हायच, पन एच.एफ. काऊ हाय." झालं! उलट बोलली, मराठीत बोलली... टाका झेंडूत! मी म्हणते, एच.एफ. काय मराठी शब्द आहे?

बरं, टाकलं तर टाकलं. पोरगी रडली नाही. तिला व्हायचंय गुरांची डॉक्टर. गाय अडली की डॉक्टर येतात ना, ते औषधाच्या बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचतात आणि मग सुई भरतात, ते हिनं पाहिलेलं. तेव्हापासून हिनं गोठ्यातली एक बाटली वाचायची सोडली नाही, पेंडीच्या पोत्यावरचंसुद्धा वाचते. वर्षभरात झेंडूत पहिली. सहावीच्या चाचणीतही पहिली. आणि शाळेचा नियम असा, की सहावीच्या दिवाळीपर्यंत जो गुलाबात जाईल त्यालाच सातवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणार. राहिला तो राहिला, पुन्हा गट बदलायचा नाही. म्हणजे ही दिवाळी हुकली की संपलं! झेंडूत काय, तर आठवीपर्यंत बॉल, बॅट आणि बलून.

म्हणून विजयमाला गेली निकिता मॅडमकडं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नाही, सरळ म्हणाली, "मॅडम, पोरगी पहिली आली, आता तिला गुलाबात घाला."

मॅडमनी मान तिरकी केली, आवाज असा लोण्यात बुडवला, "अहो ताई, हुशार आहे, म्हणून तर! ती गेली तर माझ्या झेंडूत बोलणारं राहिलं कोण? कुणी पाहुणे आले की मी तिलाच उभी करते ना! माझी लाडकी आहे ती!"

लाडकी! म्हणजे घरच्या पोरीचं लग्नच करू नका, कारण भाकरी छान थापते!

मग गेली गुलाबाच्या सुनील सरांकडं. सुनील सर म्हणजे खिशाला दोन पेनं आणि शब्दाला दोन तोंडं. म्हणाले, "ताई, तिकडं ती पहिली आहे. इकडं आली तर कदाचित दहावी येईल. हुशार आहे, म्हणून तर सांगतो, पोरीचं मन मोडेल." केवढी काळजी हो! खरी गोष्ट अशी, की गुलाबाचा निकाल त्यांना शंभर टक्के दाखवायचा असतो, आणि झेंडूतलं कुणी आलं की तो घसरेल अशी त्यांना धास्ती. ते नाही सांगितलं. ते शिपायानं सांगितलं, चहा पिता पिता.

राहिले हेडसर. हेडसर म्हणजे भिजत घोंगडं. त्यांच्याकडं गेलं की प्रश्न वाळत नाही आणि पिळतही नाही. म्हणाले, "माझी काही हरकत नाही. फक्त निकिता मॅडमची शिफारस आणा आणि सुनील सरांची संमती आणा." विजयमाला म्हणाली, "सर, ते दोघं तर न्हाई म्हनत्यात." हेडसर म्हणाले, "मग माझी काही हरकत नाही!" आता या वाक्याचा अर्थ तुम्हाला लागतो का? मला लागलेला नाही. आणि वरून, जाता जाता म्हणतात काय, "ताई, पोरगी हुशार आहे हो!" विजयमाला फिरून म्हणाली, "म्हणून तर?" ते म्हणाले, "हां, म्हणून तर!" आणि किक मारून गेले.

मुडदा बशिवला!

परतताना ती बिस्मिल्लाचाचीच्या बांगड्यांच्या दुकानात टेकली. बिस्मिल्लाचाची म्हणजे स्टँडवरचं कोर्ट. बांगडी भरता भरता निकाल देते आणि बाईला हात ओढून घ्यायची सोय नसते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माले, तू गाया पाळती का कोंबड्या? दुभती गाय कुनी दावनीवरून सोडतं व्हय? आटली की कसं दुसऱ्याच दिशी बाजार दावत्यात! तुझी पोरगी दुभती हाय, म्हून बांधून ठिवली. आटव तिला!"

"म्हंजे?"

"म्हंजे तालुक्याचा साहेब येनार हाय ना शाळंत इंग्रजीच्या तपासनीला? त्या दिशी पोरीनं मुकं राहायचं. एक शबूद न्हाई. मॅडमचं नाक कापलं की मॅडमच म्हनल, जा बाई, गुलाबात जा, न्हाईतर खड्ड्यात जा!"

अहो, इतका सोपा हिशेब! विजयमालेला तर पटलाच, गाया पाळणाऱ्या कुणालाही पटेल. फक्त एकच राहिलं. गाईला खोटं वागता येत नाही तसं त्या पोरीलाही येत नाही, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. काय तो थाट! दारात रांगोळी, मुलींच्या वेण्यांना लाल फिती, आणि आयांना फर्मान, ओवाळायला या. साहेब इंग्रजी तपासायला येणार, आणि ओवाळायचं कशाला? जावई आहे का? पण विजयमाला मुद्दाम गेली. हातात ताट, ताटात निरांजन, आणि उभी कुठं राहिली, तर झेंडूच्या वर्गाच्या खिडकीशी.

निकिता मॅडमनी ज्ञानेश्वरीला पहिल्या बाकावर बसवलेलं, मखरात गौर बसवावी तशी. साहेब आले. वयस्कर, दमलेले, चष्मा पुसत आलेले. मॅडम म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, स्टँड अप!" उभी राहिली. साहेब म्हणाले, "व्हॉट इज युअर नेम?"

गप्प.

"हाऊ ओल्ड आर यू?"

गप्प!

मॅडमच्या कपाळावर घाम. हेडसर गालातल्या गालात हसत होते ते थांबले. साहेबांनी वही दाखवली, पेन दाखवलं, खिडकीबाहेरचं झाड दाखवलं... पोरगी दगड! इकडं विजयमालेचं निरांजन आनंदानं थरथरतंय. आटली, आटली! मॅडम दातओठ खात कुजबुजतात, "बोल ना गं, सकाळी तर बोलत होतीस!" आणि पोरगी आईकडं बघते, आणि आई डोळ्यांनी म्हणते, न्हाई, अजिबात न्हाई.

तेवढ्यात साहेबांनी काय करावं? खाली वाकले, गुडघा धरून, आणि अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले, "व्हाय, बेटा? आर यू अँग्री विथ मी?"

संपलं! म्हातारं माणूस, असं तोंड करून विचारतंय, आणि ही दगड होऊन राहील? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून नळ सुटावा तसं सुटलं, "नो सर! यू आर गुड, सर! माय मदर टोल्ड मी, डोन्ट स्पीक टुडे. इफ आय स्पीक, मॅडम विल नॉट सेंड मी टू गुलाब. आय वॉन्ट टू बी ॲनिमल डॉक्टर, सर. प्लीज सेंड मी!"

मॅडम पांढऱ्या, सुनील सर दारात होते ते दाराच्या मागं, हेडसर छताकडं. विजयमालेला इंग्रजी पुरतं कळत नाही, पण "मदर" कळलं, "मॅडम" कळलं आणि "गुलाब" कळलं. तिला वाटलं, झालं ते बरंच झालं! आता साहेबांच्या कानावर गेलं, आता निकाल लागणार!

साहेब उभे राहिले. चष्मा काढला. हेडसरांकडं वळले. आणि म्हणाले काय?

"वंडरफुल! झेंडू गट ना हा? कच्चा गट? आणि एवढी लांब लांब वाक्यं? न अडखळता? वा! मॅडम, वा!"

अहो, वाक्यं मोजली त्यांनी! पोरगी गळा काढून सांगतेय काय, ते नाही ऐकलं, कशात सांगतेय तेवढं ऐकलं! घर जळतंय म्हणून कुणी ओरडलं असतं तर म्हणाले असते, आवाज काय खणखणीत आहे!

टाळ्या! मॅडमच्या गालावर रंग परत आला. हेडसर छतावरून खाली आले आणि म्हणाले, "सर, आमची पद्धतच तशी आहे." पद्धत! विजयमाला ताटासकट आत घुसली. "साहेब, मी हिची आई. पोरीला गुलाबात घाला, येवढंच म्हननं हाय आमचं."

साहेब हसले. ताटातलं गंध समजून हळदच कपाळाला लावून घेतली, आणि म्हणाले, "आई, कशाला हलवता? हुशार आहे, म्हणून तर इथं पाहिजे! हा गट आता तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना दाखवायचा. यातलं एकही मूल हलवायचं नाही!"

मग फोटो काढला. मधे साहेब, शेजारी मॅडम, शाल मॅडमला, नारळ मॅडमला, आणि विजयमालेच्या हातात तिचंच ताट, निरांजन विझलेलं. घरी येताना ज्ञानेश्वरीनं विचारलं, "मम्मी, मी चुकले का गं?" विजयमाला म्हणाली, "न्हाई गं माझी बाय. तू लई चांगलं बोलली." आणि गोठ्यात जाऊन गाईच्या मानेला डोकं लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, झेंडूचं तालुक्यात नाव होणार म्हणून, गुलाबातल्या पोरांच्या चार आया आपापली पोरं झेंडूत घालायला घेऊन आल्या, हेडसरांनी हरकत घेतली नाही, आणि त्यांना पुढं जागा करून द्यायला निकिता मॅडमनी ज्ञानेश्वरीला शेवटच्या बाकावर बसवलं.