बारीक टाका

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन म्हाताऱ्या जावा बसल्या होत्या. थोरलीचा एक डोळा गेल्या महिन्यात झाला होता, आज दुसऱ्याचं ऑपरेशन होतं.

“पट्टी काढल्यावर आधी माझी गोधडी बघितली. अगं, दोन वर्षं मी टाके घालत होते की कोंबडी नाचवत होते?”

“छान तर आहे, ताई.”

“गप बस. सगळे मेले खोटारडे, तोंडावर वाहवा करत होते. पण मधल्या चार ओळी अगदी सरळ, मुंगीच्या पावलांसारख्या. त्या कुणी घातल्या?”

“तुम्हीच की.”

“साठ वर्षं सुई धरतेय. माझा हात मी ओळखत नाही?”

“तुम्ही दुपारी झोपलात की जरा... फारच वाकडं तेवढं उसवून पुन्हा घातलं.”

“म्हणजे तुला शिवता येतं!”

“थोडंसं.”

“लग्न होऊन आलीस तेव्हा म्हणालीस, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. चाळीस वर्षं तुझ्या नवऱ्याची बटणं मी लावतेय! आता दुसरा डोळा उघडला की आणखी काय काय दिसेल कुणास ठाऊक.”

“ताई, दुसऱ्याची एवढी काय घाई आहे?”

“आहे घाई. टाका माझ्यापेक्षा बारीक आहे तुझा, सटवे. नीट बघायचाय मला.”