‘जेवलास का?’ विचारणारी इंग्रज म्हातारी

सन्माननीय अध्यक्ष पुरुषोत्तमराव, व्यासपीठावरचे कार्यकारिणीचे सदस्य, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते थोर इंग्रज नाटककार सर एडगर व्हिटलो, आणि ड्राइव्हवेतला बर्फ उपसून इथवर आलेल्या ॲन आर्बर मराठी मंडळाच्या रसिकजनहो, लता गोडबोलेचा सर्वांना नमस्कार.

पाहुण्यांचा जीवनपरिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांना मराठी कळत नाही, त्यामुळे मोकळेपणाने करून देते.

लँकेशायरमधल्या शाळामास्तरांचा हा मुलगा. तरुणपणी आईवर नाटक लिहिलं, लंडनभर गाजलं. आईने त्यानंतर बोलणं टाकलं म्हणतात. दुसरं नाटक पहिल्या बायकोवर. तिसरं दुसऱ्या बायकोवर, त्याला तर बक्षिसांची रांग लागली. मग ‘सर’ झाले. घरातली माणसं वापरून संपली तशी लेखणी आटली, आणि स्वारी पाहुणे प्राध्यापक म्हणून अमेरिकेत, आपल्या गावात आली.

आणि आपण? गोरा माणूस, त्यातून ‘सर’, आपल्या तालमींना येतो म्हटल्यावर हरखलो नुसते! आपली सावनी, इथे पीएच.डी. करते, तिने लिहिलेल्या एकांकिकेच्या तालमी माझ्या बेसमेंटमध्ये चालायच्या. हे गृहस्थ सोफ्यावर बसून आपल्या मंडळातल्या नीलाच्या हातचे बटाटेवडे चापतायत, आणि आपले अध्यक्ष एकेक वाक्य इंग्रजीत करून त्यांच्या कानात सोडतायत. मी म्हटलं, “अहो, नुसतं बघू द्या की त्यांना!” तर म्हणाले, “लताताई, ग्लोबल एक्स्पोजर मिळतंय आपल्याला.” मिळालं हो, भरपूर मिळालं.

एकांकिका आठवते ना? भारतातून सहा महिन्यांसाठी इथे मुलाकडे आलेली म्हातारी. दिवसभर बोलायला माणूस नाही, म्हणून गॅस कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावते आणि पलीकडच्या पोराला विचारते, “जेवलास का रे?”

गेल्या महिन्यात सर एडगर यांच्या नव्या नाटकाचं जाहीर वाचन झालं. मी आणि सावनी हौसेने गेलो. बघते तर म्हातारी तीच, फोन तोच, फक्त तिची मेबल मावशी झालेली. आणि ही मेबल गॅस कंपनीच्या माणसाला विचारते, जेवलास का! अहो, कुठली इंग्रज बाई फोनवर परक्याच्या जेवणाची चौकशी करते? इतकी वर्षं नाटकं लिहिली, आणि साधी चोरी धड करता येऊ नये? लोक मात्र “व्हॉट अ लाइन!” म्हणून माना डोलावत होते. सावनी मध्यंतरात उठून गेली. तेव्हापासून पोरीने लिहिणं सोडलंय.

हसताय सर एडगर? हसा, हसा.

यावर आपल्या कार्यकारिणीने काय करावं? संक्रांतीच्या कार्यक्रमातून सावनीची एकांकिकाच कॅन्सल केली! का, तर म्हणे दोन्ही सारखी वाटतील, लोक म्हणतील आपल्याच मुलीने ढापली. शाब्बास! आणि आज पाहुण्यांना शाल कोण घालणार आहे? सावनी. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, ‘नवोदित लेखिकेच्या शुभहस्ते’. तुम्हाला जराही लाज वाटली नाही?

सावनी, ते तबक टेबलावर ठेव आणि खाली बस. शाल अध्यक्ष घालतील.

एकांकिका होणार. येत्या शनिवारी संध्याकाळी, माझ्याकडेच. हीटर मी लावते, खुर्च्या आपापल्या घेऊन या. सुरुवातीला लेखिकेचं नाव मी स्वतः सांगणार आहे.

इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. संयोजकांना माझं बोलणं लागलं असेल तर वयाकडे बघून पोटात घाला. पाहुण्यांबद्दल बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

आणि सावनी, मान हलवू नकोस, दिसतंय मला. म्हातारीचं काम मी करतेय. शेवटचा प्रवेश तुला नव्याने लिहायचा होता ना? मग लवकर लिहून दे बाई, या वयात पाठ व्हायला वेळ लागतो.