रंगाचे तीन हात

(हार्डवेअरच्या दुकानाचा काउंटर. त्यावर नट खोलायच्या पान्याचं, चिरलेलं एक काळं सॉकेट.)

काकू : आठ दिवससुद्धा झाले नाहीत घेऊन. बघा, कसं उभं चिरलंय ते!

दुकानदार : काकू, आधी बसा तरी. सर, तुम्हीही. सर उभे आणि मी बसलेला, हे मला अजून जमत नाही.

सर : बसायचं कशाला, निघूच आता. अगं, एका सॉकेटसाठी एवढं काय? त्याची गिऱ्हाइकीची वेळ आहे.

काकू : तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही पडलात भिडस्त, म्हणून तर मला यावं लागलं. चित्रकला शिकवलीत म्हणून विद्यार्थ्याने खराब माल गळ्यात मारायचा का?

दुकानदार : बघू. एकोणीस नंबर. कशावर फुटलं?

काकू : गाडीच्या चाकाच्या नटावर. माझ्या भावाने यांना ते मशीन दिलंय ना, घर्रर्र करून नट खोलायचं.

दुकानदार : इम्पॅक्ट रेंच.

काकू : तेच. पहिल्यांदा त्याच्याच गाडीला लावलं तेव्हा यांचं जुनं चकचकीत सॉकेट फुटलं. तुकडा उडून माझ्या शिवणाच्या डब्याला लागला. पत्र्याचा डबा तो, खळगा पडला त्याला! तेव्हाच मी सांगितलं, एक तर मशीनची ती काळी सॉकेटं आणा, नाही तर मशीन भावाला परत. दोन महिन्यांनी यांनी एकदाची आणली. कुठून, विचारलं तर म्हणाले, माझ्या विद्यार्थ्याकडून.

सर : विद्यार्थी काय, छप्पन्न आहेत मला.

काकू : पान्यांचं दुकान किती जणांचं आहे?

दुकानदार : काकू, हे वजनाला हलकं लागतंय. भिंतही पातळ आहे. आणि आत बघा, बारा कोपरे. मशीनचं सॉकेट मी सहा कोपऱ्यांचंच ठेवतो. थांबा, कानस कुठे गेली…

सर : कानस कशाला? उगाच खरवडू नकोस.

दुकानदार : जरासंच, सर. हे काय? आत तर चकचकीत आहे.

काकू : म्हणजे?

दुकानदार : म्हणजे… असतात काकू, काही कारखाने असे…

सर : राहू दे रे. माझ्यासाठी कारखान्यांना बदनाम करू नकोस.

दुकानदार : रंग आहे हा, काकू. वरून दिलेला. पण काय दिलाय! एक ओघळ नाही. आकड्याच्या खाचेतसुद्धा रंग साचलेला नाही. एवढी सफाई मी आयुष्यात एकाच माणसाच्या हाताची पाहिली आहे.

काकू : अहो.

सर : आपल्याच जुन्यांना तीन हात दिले. मध्ये मध्ये घासून.

काकू : सगळ्यांना?

सर : बाराही.

काकू : आणि मी इथे येऊन या बिचाऱ्याला वाट्टेल ते बोलले! तुम्ही शेजारी उभे राहून ऐकत होतात!

सर : मी येऊ नको म्हणत होतो की.

दुकानदार : मी जरा आतून माल बघून येतो.

काकू : बसा इथेच. साक्षीला कोणीतरी हवं. हं, बोला. का केलंत?

सर : छत्तीस नगांची पेटी पाहिली होती मी. तेवढ्यात तुझ्या शिवणयंत्राला नवी मोटर आली असती. महिन्यातून एकदा चाक खोलायचं, त्यासाठी एवढं?

काकू : मग मशीन परत द्यायचं होतं. रंगरंगोटी कशाला?

सर : तू दारात बसायची बंद झालीस.

काकू : काय?

सर : इतकी वर्षं रविवारी सकाळी मी गाडीपाशी आणि तू दारात, शिवण घेऊन. तू बोलणार, मी हूं म्हणणार. डब्याला खळगा पडला आणि तू आतल्या खोलीत गेलीस. हूं कोणाला म्हणू? वाटलं, काळी सॉकेटं दिसली की येशील बाहेर.

काकू : आलेच होते की! गेल्या रविवारी दोन तास बसले होते मी, तुमच्या काळ्या रंगाच्या भरवशावर! तुकडा उडाला असता म्हणजे?

सर : तेव्हा मशीन लावलंच नाही मी. लांब दांड्याच्या पान्याने हातानेच खोलले नट. तू समोर होतीस ना.

काकू : म्हणून दोन तास लागले! आणि मनगट सुजलं ते? बादली उचलताना लचकलं म्हणालात.

सर : बादलीला काय, ती उलटून बोलत नाही. मंगळवारी तू बाजारात गेलीस तेव्हा मशीन लावलं, तर फाटकन हे असं झालं.

काकू : धन्य आहे तुमची. बरं, साक्षीदार, आता तुम्ही सांगा. नुसता रंग वेगळा, की खरंच काही फरक असतो?

दुकानदार : खूप असतो. चकचकीत सॉकेट कडक पोलादाचं. हाताने जोर लावायला उत्तम, पण मशीनचे ठोके बसले की तडकतं. मशीनचं जाड असतं आणि जरा नरम पोलादाचं. ते ठोका खातं, फुटत नाही.

काकू : कळलं. ताडपत्रीला मलमलीची सुई लावली की सुई तुटते आणि टोक डोळ्यांवर येतं. एवढं मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पेटीच घ्यावी लागते का?

दुकानदार : छे. घरच्या कामाला सुटी घ्या, लागतील तेवढीच. सर, मापं?

सर : आमच्या चाकाला एकोणीस. मेहुण्याच्या गाडीला एकवीस. बाकीला सतरा.

दुकानदार : मग तीन पुरे. उंच घ्या, चाकाच्या खोलगट भागात पोचतात. हे स्वस्तातलं, हे मधलं आणि हे गॅरेजवाले नेतात ते.

काकू : स्वस्तातलं दाखवा. याचा आकडा नुसता छापलाय, बोटाला लागत नाही. मधल्याचा कोरलाय. थांबा, नट आणलाय मी.

सर : पर्समध्ये नट?

काकू : बटण घ्यायला जाताना कापड नेते, तसा नट आणला. हे स्वस्तातलं बघा, नटावर डुगडुगतंय. मधलं कसं गच्च बसलं. आणि हे महागडं?

दुकानदार : तेही असंच बसेल. पण ते रोज शंभर नट खोलणाऱ्यासाठी. तुम्हाला मधलं जन्मभर जाईल.

काकू : मग मधली तीन द्या. मोटरही येईल माझी.

दुकानदार : आणि सर, मशीन फक्त खोलायला. शेवटचं आवळायचं ते हातानेच, जोर मोजणाऱ्या पान्याने.

सर : तेवढं कळतं मला.

काकू : कळतं म्हणे! जुन्यांचं काय करायचं?

दुकानदार : हाताच्या पान्याला चालतील. पण रंग काढा सगळा. नाही तर नव्यांत मिसळतील आणि एखादं चुकून मशीनला लागेल.

सर : तीन हात आहेत. सहज निघायचा नाही.

काकू : रविवारी मी काढीन एकेक, खरवडून. बसल्या बसल्या तेवढंच काम. डोळ्यांवर लावायचे ते चष्मे आहेत का?

दुकानदार : आहेत. हा एक पुरे, सरांना नीट बसेल.

काकू : दोन द्या.

दुकानदार : दोन? मशीन तर सरच चालवणार ना?

काकू : ते गाडीपाशी असतील. मी दारात.